नाशिकमधल्या शरणपूरच्या मावशींना, मनापासून

सलाम मावशी,

समोर बसून आभार मानायला गेलो की माझा गळा भरून येतो आणि तुम्ही लगेच चहा ठेवायला उठता, म्हणून लिहितोय. नातू वाचून दाखवेल.

तीन वर्षांपूर्वी आईने बळेबळे तुमच्याकडे पाठवलं, मावशींकडून प्रार्थना करून घे म्हणाली. तेव्हा मी अंबडला कंपनीत, पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट असून गंगापूर रोडला दुसरा बुक केलेला, वर गाडीचा हप्ता, रविवारीपण ओव्हरटाईम, चर्चचं तोंड फक्त नाताळला आणि ईस्टरला बघायचो. घरात बोलणं व्हायचं ते हप्त्यांचंच.

त्या दिवशी तुमची पेन्शन आली होती. तुम्ही नोटा मोजल्या, सगळ्यात आधी दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, काढून बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवलात, मग किराणा, लाईट बिल, बीपीच्या गोळ्या असं करत करत हातात दोनशे रुपये उरले आणि तुम्ही म्हणालात, "पुरलं बघ." मावशी, पुरलं हा शब्द मी कधी शेवटचा बोललो होतो तेच मला आठवेना.

मग बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढायला लावलात. पौल तुरुंगातून लिहितोय, की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. तुम्ही "शिकलोय"वर बोट ठेवलंत. "पौलालाही शिकावं लागलं बाळा, तुला एका प्रार्थनेत कसं येईल?" मला वाटायचं विश्वास असला की समाधान आपोआप येतं, माझ्यात नाही म्हणजे माझा विश्वासच खोटा. तुमच्या एका वाक्याने केवढं ओझं उतरलं सांगू!

शरणपूरची गोष्टपण तुम्हीच सांगितलीत, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथल्या मिशनमध्ये वाढली, त्यातलाच जेकब वेनराइट 1874 मध्ये, आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवासोबत पार इंग्लंडपर्यंत गेला. आपलं म्हणावं असं काय होतं हो त्या पोरांकडे. आता शरणपूर रोडच्या शोरूमसमोर सिग्नलला थांबलो की तीच आठवतात.

दुसरा फ्लॅट कॅन्सल केला, थोडे पैसे बुडाले, नातेवाईक बोलले. रविवार मात्र परत मिळाला. पगार झाला की बायको आधी दशमांशाचं पाकीट काढते, एखाद्या महिन्यात माझा हात अजून अडखळतो, खोटं कशाला बोलू, पण ठेवतो.

येत्या रविवारी आराधनेनंतर तुमच्या गोळ्या घेऊन येतो. चहा मी ठेवीन, तुम्ही बसून राहा.

तुमचाच