मुंग्यांच्या पेटीला कचराकुंडी हवीच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाने कापणाऱ्या मुंग्यांची वसाहत पेटीत कशी ठेवावी, हे सांगताना बहुतेकांचा भर देखाव्यावर असतो. ओली माती, शेवाळ, छोटी रोपे, मोठी काचपेटी असे सगळे सांगितले जाते. मुंग्यांना यातले काहीच लागत नाही. कचऱ्यासाठी वेगळी, कोरडी पेटी मात्र त्यांना लागतेच आणि नेमका तिचाच उल्लेख राहून जातो. तिच्याअभावी चांगल्या, भरलेल्या वसाहती काही आठवड्यांत नासतात, म्हणून हे पत्र.

अमेरिका खंडाच्या उष्ण जंगलांतल्या या मुंग्या पानांवर बुरशीची शेती करतात. कामकरी मुंग्या पान कापताना त्याचा रस पितात, पण अळ्यांचे पोट भरते ते बुरशीवरच. ही बाग जवळून पाहावी अशी आहे. आणलेला तुकडा मुंग्या आधी चाटून साफ करतात, चावून त्याचा लगदा करतात, त्यावर विष्ठेचा थेंब सोडतात आणि तो बागेत बसवतात. मग जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या मुंग्या जुन्या बागेतले पांढरे तंतू उपटून त्यावर लावतात, रोपे लावावीत तसे. निरोगी बाग करड्या-पांढऱ्या स्पंजासारखी दिसते. वरचा थर ताज्या पानांमुळे गडद, मधला पांढरा आणि भुसभुशीत, तर तळाचा पिवळसर तपकिरी. तळाचा हा थर खरवडून मुंग्या बाहेर टाकतात. हाच तो कचरा.

त्यात वापरून संपलेली बुरशी असते, मेलेल्या मुंग्या असतात आणि अनेकदा एस्कोव्हॉप्सिस या परजीवी बुरशीचे बीजाणूही असतात. ही परजीवी बुरशी बागेवरच जगते आणि तिने जोर धरला की बाग वाचत नाही. म्हणून कचरा वाहण्याचे काम बहुतांशी वयस्क मुंग्यांकडे असते. त्या बागेकडे परत येऊ लागल्या तर बाकीच्या त्यांना हुसकून लावतात. निसर्गात त्यांनी इतके अंतर पाळले आहे आणि आपण मात्र सगळा संसार एकाच पेटीत कोंबतो. मग कचऱ्याचा ढीग बागेला टेकतो, ओलाव्याने कुजतो, त्यात माइट (अगदी बारीक, कोळ्यांसारखे जीव) आणि बारीक माश्या वाढतात.

मांडणी साधी आहे. बागेची, पाने टाकण्याची म्हणजे चरण्याची आणि कचऱ्याची अशा तीन पेट्या घ्याव्यात आणि त्या २० ते २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या पारदर्शक नळ्यांनी जोडाव्यात. नळी याहून बारीक असेल तर पानांचे तुकडे अडकून रस्ता तुंबतो. लांबीची चिंता नको. मीटरभर नळी मुंग्यांना काहीच नाही, उलट ओली आणि कोरडी बाजू त्यामुळे वेगळी राहते.

बागेची पेटी टणक प्लॅस्टिकची किंवा काचेची आणि झाकणाची असावी. मऊ प्लॅस्टिक आणि सिलिकॉन मुंग्या कुरतडतात. तळाला दोन-तीन सेंटिमीटर प्लास्टर किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्या घालून त्या ओल्या ठेवाव्यात. पाणी त्या थराला द्यायचे, बागेवर फवारायचे नाही. सुरुवातीला एक-दोन लिटरची पेटी पुरते. पेटी फार मोठी घेतली तर मूठभर बुरशीला तिची हवा दमट राखता येत नाही. बागेने पेटीचा तीन चतुर्थांश भाग व्यापला की शेजारी दुसरी जोडावी.

हवेतली आर्द्रता बागेजवळ ९० टक्क्यांच्या आसपास आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस हवे. तिशीच्या वर बुरशी मरू लागते. उष्णतेची चटई पेटीखाली ठेवण्याची चूक फार जण करतात. खालून ऊब आली की तळ सुकतो, वाफ झाकणाला लागते आणि थेंब बागेवर टपकतात. चटई बाजूला लावावी आणि तिला थर्मोस्टॅट जोडावा. काय बिघडले ते मुंग्याच सांगतात. पेटी कोरडी पडली की त्या हवेची भोके पानांच्या तुकड्यांनी बुजवू लागतात. ओल जास्त झाली की बाग चकाकते, बुळबुळीत होते आणि खचते.

चरण्याची पेटी कोरडी, वरून उघडी. तिच्या भिंतींवर वरच्या कडेला पाच-सात सेंटिमीटर रुंद द्रव टेफ्लॉनचा पट्टा द्यावा, म्हणजे मुंग्या घसरतात आणि बाहेर पडत नाहीत. दमट भिंतीवर हा पट्टा निकामी होतो, म्हणूनही ही पेटी कोरडी हवी. भिंतीला टेकलेला एखादा देठ मुंग्यांना पूल म्हणून पुरतो. देठ छाटूनच पाने आत टाकावीत.

पानांबाबत एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बुरशीला घातक असलेले पान मुंग्या पहिल्या दिवशी आवडीने नेतात. काही तासांनी बुरशीवर परिणाम दिसला की तेच पान नाकारतात आणि पुढे कित्येक आठवडे त्याला तोंड लावत नाहीत. नवे पान द्यायचे तर दोन-तीन तुकडे देऊन दोन दिवस थांबावे. गुलाब आणि जास्वंद सहसा चालतात, पण औषध फवारलेल्या झाडाचे पान किंवा विकतची फुले देऊ नयेत. काही कीटकनाशके झाडाच्या रसात भिनलेली असतात आणि धुऊन जात नाहीत. पाने धुवावीत आणि पुसून कोरडी करूनच द्यावीत. दिवसभरात कापून संपेल एवढेच घालावे आणि उरलेले काढून घ्यावे.

कचऱ्याची पेटी शक्यतो बाकीच्यांपेक्षा खालच्या पातळीवर, चरण्याच्या पेटीला जोडलेली आणि पूर्ण कोरडी ठेवावी. आत काही घालू नये. मुंग्या दुसऱ्याच कोपऱ्यात कचरा टाकू लागल्या तर त्यातला चमचाभर या पेटीत ठेवावा, बहुधा त्या जागा बदलतात. ती साफ करण्याचा चमचा आणि चिमटा बागेजवळ कधीच न्यायचा नाही.

नवख्यांनी अट्टा जातकुळी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्या पूर्ण वाढलेल्या वसाहतीत लाखो मुंग्या असतात, राणी दहा वर्षांहून अधिक जगू शकते आणि पानांची मागणी वाढतच जाते. पाने कापणाऱ्या मुंग्यांच्याच अ‍ॅक्रोमिरमेक्स या दुसऱ्या जातकुळीच्या वसाहती बऱ्याच लहान राहतात. नुसती राणी आणि चिमूटभर बुरशी घेण्यापेक्षा दोन-तीनशे मिलिलिटर बाग असलेली वसाहत घ्यावी, कारण सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक राण्या अपयशी ठरतात. राणी मेली तर दुसरी सहसा स्वीकारली जात नाही आणि काही महिन्यांत वसाहत संपते.

या मुंग्या शेतीच्या कुप्रसिद्ध शत्रू आहेत. अनेक देशांत परवान्याशिवाय त्या आणता किंवा बाळगता येत नाहीत, तेव्हा परवान्याची चौकशी आधी करावी. वसाहत नकोशी झाली तरी बाहेर सोडू नये. काढलेला कचराही आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवूनच फेकावा. त्यात जिवंत मुंग्या आणि बुरशीचे तुकडे असू शकतात.

आपले,
मुंग्या पाळणारे काही वाचक