चिऊ, रविवारी फोन आपटला त्याबद्दल

प्रिय चिऊ,

रविवारी मी फोन मधेच ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलतेय, आणि आज सकाळी चहा समोर ठेवून म्हणाली, तुम्ही तोंडाने बोललात की भांडण होतं, त्यापेक्षा लिहा. म्हणून टाईप करतोय. चुका असतील, चष्मा वरच्या खोलीत राहिलाय आणि गुडघा आज जास्तच बोलतोय.

आधीच सांगतो, तुझ्या भारतीय पासपोर्टबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. तो विषय संपला. तू केनियाची नागरिक झालीस, सर्टिफिकेटचा फोटो बघितला, आडनाव सुद्धा बरोबर छापलंय, शाळेत कायम चुकवायचे. अभिनंदन. हे रविवारीच म्हणायचं होतं, दुसरंच काहीतरी तोंडातून गेलं. आईने गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या वहिनींनी विचारलं कशाचे, तर हिने अशा थाटात सांगितलं की त्यांना वाटलं तू तिकडे कलेक्टर झालीस.

मला एवढंच कळत नाही की घाई काय होती. २०२७ च्या ऑगस्टमधे इलेक्शन आहे, त्याआधी मतदार यादीत नाव पाहिजे, हे तू सांगितलंस. पण मतदान एक दिवसाचं असतं गं. सहा मतपत्रिका पेटीत टाकायच्या, बोटाला शाई, झालं, संध्याकाळी घरी. पासपोर्ट जन्मभराचा असतो. बघ, आलाच विषय.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही बावीस वर्षं तिथे पगार घेतलात, एक दिवस तरी तिथले होतात का?" ते लागलं मला. खोटं सांगत नाही, त्याच्यावरच फोन आपटला. खरं आहे पण. १९९६ ला मुहोरोनीला साखर कारखान्यात गेलो तेव्हा दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट होतं, मग अजून दोन, मग अजून दोन. दर क्रशिंग सीझन संपला की म्हणायचो पुढच्या वर्षी सांगली. सागवानी कपाट कधी घेतलं नाही, का तर नेता येणार नाही. साखरेत आपली माणसं तिकडे पूर्वीपासून आहेत, केमिस्ट, पॅन बॉयलर, इंजिनियर, आणि सगळ्यांच्या कॉटखाली एक बॅग भरलेली. कॉलनीत कोणी इलेक्शनबद्दल बोलायचं नाही हा अलिखित नियम. "आपला काय संबंध." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हणलो असेन याचा हिशोब नाही.

तुझी आई मात्र पहिल्यापासून त्यांच्यातली. दर शनिवारी तिचा चामा. मी म्हणायचो हा तर आपला बचत गट, नाव तेवढं वेगळं. ती म्हणायची, नाही, इथे बायका पैसे मोजताना राजकारण बोलतात, आपल्याकडे सुनांबद्दल बोलतात. २०१० च्या ऑगस्टमधे नवी राज्यघटना आली तेव्हा त्या बायकांनी कातिबाची, म्हणजे त्या घटनेची, एक प्रत आणून फाडून वाटून घेतली होती, प्रत्येकीने आपापलं प्रकरण वाचून यायचं आणि पुढच्या शनिवारी बाकीच्यांना सांगायचं. आईच्या वाट्याला हक्कांचं प्रकरण आलं होतं, आठवतंय? तू बारा वर्षांची, तू तिला स्वाहिली शब्द सांगत होतीस आणि मी टीव्हीचा आवाज वाढवत होतो. कलम २७, निवडून आलेल्या कुठल्याही सभागृहात दोन तृतीयांशापेक्षा जास्त लोक एकाच लिंगाचे नकोत. आई म्हणाली, वाक्य बघा कसं केलंय, बायकांना एवढ्या जागा द्या असं म्हणलेलंच नाही, पुरुषांना सांगितलंय की यापेक्षा जास्त बसू नका.

हे मी आता आमराईत आमच्या सकाळच्या ग्रुपला सांगतो. रोज कोणी ना कोणी पकडून. केनियात ४७ काउंट्या, म्हणजे आपले जिल्हेच, त्यांतून प्रत्येकी एक महिला प्रतिनिधी निवडून येते, तरी संसदेत एक तृतीयांश बायका काही होत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१५ पर्यंत मुदत दिली होती ती गेली, मग २०२० ला सरन्यायाधीश मरागांनी थेट राष्ट्राध्यक्षांना कळवलं की हा नियम पाळलेला नाही, संसद बरखास्त करा, आणि संसद जागची हलली नाही. आमचे पेन्शनर म्हणतात, अहो आपल्याकडे पंचायतीत पन्नास टक्के आहे. मी म्हणतो आहे की, आमच्या बहिणीलाच विचारा. आत्या पाच वर्षं सरपंच होती, सही आत्याची आणि खुर्चीत तिचा नवरा, म्हणजे मामा. तिकडे नेमलेल्या बायकांना पुरुष पुढारी फ्लॉवर गर्ल, म्हणजे शोभेच्या, म्हणतात, इकडे नवऱ्याला सरपंचपती म्हणतात, शिवी एकच. आणि लोकसभेचा कायदा २०२३ ला झाला, तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू. पण २०१३ ला तिकडे एकही बाई काउंटीची गव्हर्नर नव्हती, २०१७ ला तीन झाल्या, २०२२ ला सात, हे सांगताना माझा आवाज का चढतो कोण जाणे. तुझंच नाव पुढे करतो शेवटी. आमची मुलगी नैरोबीत पोराटोरांना काउंटीचं बजेट वाचायला शिकवते, जीवनजी गार्डनमधे, झाडाखाली. ती बाग एका हिंदी माणसाने शहराला दिलेली, १९०६ ला, हे पण सांगतो. सगळ्यांना पाठ झालंय.

तर अभिमान नाही असं समजू नकोस.

पण २५ जून. मी तुला तो दिवस कधी नीट सांगितला नाही, कारण तू म्हणतेस बाबा ड्रामा करतात. २०२४, मंगळवार होता. फायनान्स बिलाचं तू आईला आदल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर समजावलं होतंस, पावावर १६ टक्के व्हॅट, गाडीच्या किमतीवर दरसाल अडीच टक्के, पॅडवरसुद्धा इको लेव्ही, म्हणजे पर्यावरण कर, लागणार म्हणून मुली चिडलेल्या, आणि खासदारांचे मोबाईल नंबर पसरवून हजारो पोरं त्यांना मेसेज करतायत, ‘सलिमिया’ म्हणजे नमस्कार सांगा, तेव्हा आपण किती हसलो होतो. मंगळवारी आपल्याकडे साडेपाचच्या सुमाराला टीव्हीवर तुमची पार्लमेंट, पोरं आत घुसलेली, एका बाजूला धूर. तुला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. नंतर कळलं इंटरनेटच डाऊन होतं, पण मला ते तेव्हा कुठे माहीत. आईने देवापुढे दिवा लावला आणि कुकर लावला, दोन्ही विसरली. भात करपला. रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, "ओके आहे, चप्पल हरवली." चप्पल हरवली! दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी बिल मागे घेतलं, तू नाचत होतीस, आणि मी मानवी हक्क आयोगाचा आकडा वाचत होतो. जुलै उजाडेपर्यंत ३९ मेले. त्यातली बरीचशी तुझ्याच वयाची, किंवा लहान. पुढच्या वर्षी २५ जूनला परत, सबा सबाला, म्हणजे ७ जुलैला, परत.

ते कुणाचं तरी चिऊ होतं प्रत्येक जण, एवढंच म्हणायचंय.

म्हणून म्हणतो, फोन चार्ज ठेव, पॉवर बँक ठेव, लेन्स घालून जाऊ नकोस धूर असेल तिथे, चष्मा घाल, ओला रुमाल, बूट घाल चप्पल नको, एकटी परत येऊ नकोस, वकिलाचा नंबर हातावर पेनने लिही, फोनमधे असून उपयोग नाही फोन काढून घेतात. आणि प्रत्येक मोर्चाला तूच कशाला पाहिजेस, बजेट शिकवतेस ते काय कमी आहे, एकाने शिकवायचं दुसऱ्याने रस्त्यावर जायचं अशी वाटणी करता येते. हे लेक्चर झालं का? झालं. सॉरी. खोडत नाही पण, राहू दे.

मला पिओ गामा पिंटो आठवतो सारखा. तूच मला त्याच्याबद्दल सांगितलंस, गोव्याचा माणूस, नैरोबीत जन्मलेला, इंग्रजांनी मांडा बेटावर डांबलेला, स्वातंत्र्यानंतर खासदार झाला. तू सांगितलंस अभिमानाने. मला त्यातलं एकच राहिलं, फेब्रुवारी १९६५, घराच्या फाटकापाशी गाडीत गोळ्या घातल्या आणि मागच्या सीटवर त्याची लहान मुलगी होती. बाप आहे मी, मला मागची सीट दिसते.

आता खरं कारण. तो बिस्किटांचा निळा डबा तुला आठवत असेल, पण तुला वाटतं त्यात बिस्किटं होती. जानेवारी २००८ ला तू नऊ वर्षांची होतीस. इलेक्शनच्या निकालावरून दंगल पेटली होती, किसुमू शहरात दुकानं जळत होती, आपल्या कॉलनीच्या मागचा ऊस पेटवला होता, रात्री खिडकी लाल दिसायची आणि काळी राख पांढऱ्या चादरीवर येऊन पडायची. त्या डब्यात चार पासपोर्ट. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की आईने उलथण्याने उचकटलं, मग मी ते रात्रभर शर्टाच्या आत पोटाशी धरून बसलो. दादा झोपलाच नाही. तू झोपलीस, बुटांसकट. मला वाटत होतं हे चार निळे कागद आहेत तोपर्यंत आपल्याला दार आहे.

पहाटे तीनच्या सुमाराला पोरं आली, वीस-पंचवीस, हातात पांगा, म्हणजे कोयते. आणि आपल्या पायरीवर ओमेना, म्हणजे बारकी मासळी, विकणारी मामा (तिकडे बाईला मामा म्हणतात) बसलेली होती. संध्याकाळपासून. आम्ही बोलावलं नव्हतं, आईच्या चामातली, कंदील आणि मासळीची पाटी घेऊन येऊन बसली होती. ती उठली सुद्धा नाही. त्यांच्याशी लुओ भाषेत काय बोलली मला कळलं नाही, फक्त "न्यार मुहोरोनी" एवढं ऐकू आलं, तुला ती कायम तेच म्हणायची, मुहोरोनीची लेक. पोरं थोडा वेळ उभी राहिली, एकाने तिच्याकडे पाणी मागितलं, आणि गेली. चार दिवसांनी आपण पोलीस बंदोबस्तात किसुमूच्या विमानतळावर गेलो. पासपोर्ट तिथे काउंटरवर पहिल्यांदा बाहेर काढले, घामाने ओले झालेले.

हे लिहायला बसलो तेव्हा पासपोर्टने आपल्याला वाचवलं असंच लिहिणार होतो. लिहिताना जरा वेगळंच आलं. असो. भीती काही कमी होत नाही त्याने.

तू उमेदवार म्हणून उभी राहणार नाहीस ना? वाचलं मी, खासदारकीला दहा वर्षं नागरिक असावं लागतं. तेवढी दहा वर्षं मला मिळाली.

दादाचा फोन आला होता, तो तुझ्या बाजूने आहे. सगळेच तुझ्या बाजूने आहेत. आईचं शुगर बरं आहे, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. मामाला, म्हणजे आत्याच्या मामांना, स्टेंट टाकली, तू फोन कर त्यांना, विचारत असतात.

ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाचा, फॉर्म मी ऑनलाईन भरायला घेतलाय, रागावू नकोस. त्यावर इकडे मतदान करता येत नाही, म्हणजे तुझ्या तिकडच्या मताला काही होत नाही, नुसतं घरी येताना व्हिसा नको. फोटो चौकोनी लागतो, मागे फिकट रंग पाहिजे, पांढरा चालत नाही म्हणे. केस नीट बांधून काढ आणि आजच पाठव, सेशन टाईमआऊट होतंय सारखं. जुन्या पासपोर्टचा नंबर पण लागेल, कॅन्सल करून देतील तेव्हा फेकू नकोस. इकडे येशील तेव्हा घेऊन ये. डब्यात आई आता लवंगा ठेवते, पण मी रिकामा करून घेईन.

तुझा,
बाबा

आणि चपलांचे पैसे मी तेव्हा पाठवले होते, तू बूट घेतलेस का ते सांगितलंच नाहीस.