योग्य बाई कुठून येते

कोथरूड, पुणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, त्या पदावर आम्हाला बाईच हवी होती, पण योग्य उमेदवार मिळाली नाही." तुझ्या मनात खोट नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे वाक्य मी बँकेत नोकरीभर ऐकत आले, म्हणून सविस्तर लिहिते.

१८४८ साली आपल्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा शिकवायला बाई होती कुठे? जोतिरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं, पुढे त्यांनी रीतसर प्रशिक्षणही घेतलं. योग्य शिक्षिका मिळेल तेव्हा बघू म्हणाले असते, तर शाळा निघालीच नसती.

राजकारणातही तेच. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीमुळे १९९३ पासून पंचायती-पालिकांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. 'सही बाईची, कारभार नवऱ्याचा' असं लोक म्हणायचे आणि पुष्कळ गावांत ते खरंही होतं. तरी पश्चिम बंगालमध्ये अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की जिथे सरपंचपद लागोपाठ दोनदा बायकांकडे राखीव राहिलं, तिथे नंतर खुल्या जागांवरही जास्त बायका उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. तिथल्या आईबापांची मुलींबद्दलची स्वप्नंसुद्धा मोठी झाली. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वर मात्र जागा आटत जातात. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ बायका निवडून आल्या. तिथल्या आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधली.

तुमच्या कंपन्यांचं म्हणशील, तर २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला सक्तीची केली. काहींनी मालकाच्या घरातलीच बाई बसवून मोकळं केलं. मग सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेला, सांगावं लागलं, की मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांत ती स्वतंत्र संचालक, म्हणजे मालकांच्या घरातली नसलेली, हवी. आपल्या पुण्यात थरमॅक्ससारखी मोठी कंपनी अनू आगांनी पती गेल्यावर सांभाळली, अडचणीतून बाहेर काढली आणि २००४ मध्ये सूत्रं मुलीकडे दिली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कंपनी घरची होती. जिच्या घरी कंपनी नाही, तिला वर जायला तुझ्यासारख्या मॅनेजरने वेळेवर दिलेलं कामच लागतं.

ते काम कसं निसटतं, ते आमच्या सोसायटीत बघ. कमिटीत बायकांच्या दोन जागा राखीव आहेत. गणपती आणि हळदीकुंकू त्यांच्याकडे. रिडेव्हलपमेंट निघालं, तेव्हा बिल्डरशी बोलणी करायला पाच जण नेमले, पाचही पुरुष. आमच्या कमिटीतली एक जण आयुष्यभर ऑडिट करत आली. करारनाम्यात कार्पेट एरियाचा आकडा दोन ठिकाणी वेगळा होता, तो तिनेच चहाच्या वेळी नुसते कागद चाळताना दाखवला. पुढच्या बैठकीलाही तिला बोलावणं नव्हतं. मुद्दाम कुणी टाळलं असं मला वाटत नाही, तिचं नाव कुणाला सुचलंच नाही. दोन वर्षांनी चेअरमन निवडताना हेच लोक म्हणतील, "तिला बिल्डरशी बोलण्याचा अनुभव कुठे आहे?"

तुमच्याकडेही मोठा क्लायंट कुणाला मिळतो, परदेशी कुणाला पाठवतात, रात्री आठचा कॉल कुणाला जमेल असं गृहीत धरतात, हे सगळं पदाची जाहिरात निघण्याच्या आधी पाच-सात वर्षं ठरत असतं. तेव्हा नाव सुचवणारा तू असशील, म्हणून हे तुला लिहिते आहे. आता तुझ्या हाताखाली माणसं आहेत.

पुढच्या महिन्यात तुमची बढतीची यादी होईल. तुझ्या टीममधली ती मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे, "तिला आत्ता झेपणार नाही" असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा तिचं नाव काढू देऊ नकोस. तिला स्वतः फोन करून विचार. ती आत्ता नको म्हणाली, तर तसं लिहून ठेव आणि पुढच्या वर्षी पहिला फोन तिलाच कर.

तुझी,
आई