अण्णांनी मासुंदा तलावात जे पाहिलं

ठाणे,
रविवार

प्रिय बंड्या,

आम्ही सगळे ठीक. माझी शुगर गोळ्यांवर ताब्यात आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत. तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही म्हणून चिडला असशील. चीड, पण आधी हे वाच. अण्णांना मासुंदा तलावात काहीतरी दिसलं.

हसू नकोस. घरात सगळे हसून झालेत आणि त्याचाच तर घोळ झालाय.

अण्णांचं रोजचं ठरलेलं तुला माहीत आहे. पहाटे कोपिनेश्वराचं दर्शन, मग तलावपाळीच्या कट्ट्यावर बसायचं. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता, पाणी ढिम्म होतं. आणि मधोमध ओळीने तीन उंचवटे वर आले, बैलाच्या वशिंडासारखे, काळे, गडकरी रंगायतनच्या बाजूला सरकणारे. थोड्या वेळाने गेले. मग पलीकडे एक मान उभी दिसली, डोकं बारीक. लांबी विचारली तर म्हणाले, वल्ह्याच्या होडीच्या दीडपट. जन्मभर वागळे इस्टेटमध्ये व्हर्निअर घेऊन मापं तपासलेला माणूस आहे रे हा. आपल्या सायकलच्या चाकाचा बाक नुसत्या नजरेने सांगायचे, आठवतं ना?

घरी येऊन त्यांनी हे चहा पिताना सांगितलं. संध्याकाळपर्यंत पुतण्याने तलावपाळीवर डायनोसॉर फिरतोय असं चित्र करून घरच्या ग्रुपवर टाकलं. अण्णांनी ते पाहिलं, फोन चार्जिंगला लावला आणि आत गेले. तेव्हापासून काय नवीन म्हणून विचारलं की एकच उत्तर, "काही नाही." ताईने ठरवूनच टाकलं की मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. जवळच्या डॉक्टरांनी तर मान वर न करता चिठ्ठीवर "भास" असं लिहिलं. माझ्या डोक्यातून तो शब्द जातच नाही.

हे तुलाच लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. १९८७ साली स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यावर, तिथल्या त्या गाजलेल्या अजस्र प्राण्याच्या, नेसीच्या शोधात २४ बोटी एका ओळीत लावून सोनारने, म्हणजे पाण्यात सोडलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनींवरून, अख्खं तळं चाळलं, तेव्हा ती बातमी कापून वहीत चिकटवणारे आपण दोघेच होतो. काही प्रतिध्वनींचा उलगडा झाला नाही एवढ्यावर तू वर्गात पेढे वाटायला निघाला होतास. आणि त्या रविवारी आपल्याला मासुंद्यावर "पहाऱ्याला" कोण घेऊन गेलं होतं? अण्णाच. दोन तास बसले आपल्याबरोबर, एकदाही हसले नाहीत.

नेसी आहे की नाही हे आपलं भांडण तेव्हापासूनचं आहे आणि मी अजून माझ्याच, म्हणजे "नाही"च्या बाजूला आहे, हे आधी सांगतो. तुझा हुकमाचा पत्ता सीलाकँथ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला म्हणून सोडून दिलेला मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ट्रॉलरच्या जाळ्यात येतो आणि मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर नावाची म्युझियमची बाई तो वेगळा म्हणून हेरते, मग नेसी का नाही? कारण तो समुद्र आहे, बंड्या. खोल, जुना, सगळीकडून मोकळा. लॉक नेस सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटर खोल आहे हे कबूल, पण दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे बर्फच होता. नेसी म्हणजे प्लेसिओसॉर, डायनोसॉरच्या काळातला लांब मानेचा पाण्यातला सरपटणारा प्राणी, म्हणतोस, तर तो तोपर्यंत कुठे थांबला असेल? आणि हवेत श्वास घेणारा प्राणी दिवसातून कितीतरी वेळा वर येणार, तो लपून राहूच शकत नाही. शिवाय एकट्याने भागत नाही, वंश चालायला कळप हवा आणि कळपाला पुरतील इतके मासे हवेत. त्या गार, काळपट पाण्यात तेवढे नाहीत. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या नील गेमेल यांच्या गटाने तळ्यातून पाण्याचे अडीचशे नमुने घेतले. प्राण्यांच्या कातडीतून, विष्ठेतून पाण्यात उतरलेला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशांचा मात्र भरपूर.

आणि तो वहीतला फोटो! लांब मानेचा, १९३४ चा, लंडनच्या डॉक्टरच्या नावावर छापलेला. त्याचं बिंग १९९४ मध्ये फुटलं, खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान निघाली. ती बातमी मी तुला दाखवली म्हणून तू दिवाळीला फराळाला आला नाहीस. आईने तुझ्या वाटणीच्या करंज्या तशाच ठेवल्या होत्या, हे तुला अजून कुणी सांगितलं नसेल.

पण फोटो खोटा होता म्हणून पाहणारी माणसं खोटी ठरत नाहीत, आणि मी रात्र रात्र याच्यावर अडकलोय. १९३३ मध्ये तळ्याच्या काठाने नवा रस्ता झाला आणि एकाएकी लोकांना प्राणी दिसायला लागला. त्यात हॉटेल चालवणारी बाई होती, सुट्टीला आलेली जोडपी होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. त्यांना भास होत नव्हते. पाण्यावर खरंच काहीतरी होतं, फक्त तो प्राणी नव्हता. तुझी आजी सांगायची ना, तळ्यात साती आसरा असतात, तळं वर्षाला एक माणूस मागतं? तिकडे स्कॉटलंडमध्ये केल्पी नावाचा पाण्यातला घोडा सांगतात, पाठीवर बसलेलं पोर चिकटतं आणि घोडा त्याला घेऊन तळाशी जातो. जिथे खोल पाणी आहे तिथे माणसाचा डोळा जास्त सावध असतो, आणि असायलाच हवा.

म्हणून मी अण्णांबरोबर गेलो. सफाईवाल्यांची होडी जलपर्णी ओढत गेली आणि पलीकडे जाऊन बांधलीसुद्धा. पाणी निवलं. अण्णा काही बोलत नव्हते. बऱ्याच वेळाने, होडी विसरून गेल्यावर, तिच्या लाटा दगडी कठड्यांवर आपटून दोन्हीकडून परत आल्या आणि मधोमध एकमेकींत मिसळल्या. ओळीने फुगवटे उभे राहिले, बंड्या. उजेड पलीकडून येत होता, त्यामुळे आपल्याकडची बाजू काळीकुट्ट. आणि ते सरकत होते, एका दिशेने, मुद्दाम जात असल्यासारखे. मला सगळं माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला. लॉक नेसवर तर हे वारंवार होतं. बोट दिसेनाशी झाल्यावर तिच्या लाटा काठावरून परत फिरतात, आणि बघणाऱ्याला तोवर बोट आठवतच नाही.

मान म्हणशील तर पाणकावळा. तो पोहताना अंग पाण्याखाली बुडवतो, नुसती मान वर. मोकळ्या पाण्यावर त्याच्या शेजारी मोजायला काही नसतं, त्यामुळे जवळचा लहान की लांबचा मोठा हे डोळ्याला ठरवता येत नाही. मी पाहिला तो कठड्यावर चढून पंख वाळवायला बसला तेव्हा कुठे कळलं, एवढासाच होता. मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाणकावळा मला माहीत आहे. ते हे नव्हतं." लाटांबद्दल मात्र काही बोलले नाहीत, बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

आता ताईचं म्हणणं चूक आहे असंही नाही. मध्ये एकदा त्यांनी गॅस चालू ठेवला होता, आणि दिवाळीत मामींना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. म्हणून तपासणी होऊ दे, शुक्रवारची अपॉइंटमेंट मी रद्द करणार नाही. पण तपासणी गॅसमुळे व्हावी, तलावामुळे नको. तळ्यात जे दिसलं ते सांगितलं म्हणून डॉक्टरकडे नेलं, असं एकदा त्यांच्या मनात बसलं तर खरंच काही दुखायला-खुपायला लागेल तेव्हाही ते "काही नाही"च म्हणतील. मला भीती आहे ती ही.

तुझं नाशिकचं घर झालं का लावून? सानूची बारावी म्हणजे तुम्हा दोघांचीच परीक्षा, वहिनींना सांग जास्त मागे लागू नका. तुझ्या बदलीचं काय झालं ते सविस्तर लिही.

आणि एक काम कर. गुरुवारच्या आत अण्णांना फोन कर. तू १९८७ मध्ये विचारायचास तसं विचार. लांबी विचार, दिशा विचार, ऊन कुठून होतं, होडी आधी गेली होती का. कागद-पेन घेऊनच बस, आकडे सांगतील. सीलाकँथची गोष्टही सांग, तुझ्याइतकी रंगवून ती मला येत नाही. मी लाटांचं सांगितलंय हे बोलू नकोस, त्यांचं त्यांना ठरवू दे. सकाळी आठनंतर कर, आणि लँडलाइनवर कर. मोबाइल ते हल्ली उचलत नाहीत.

तुझा,
पक्या