घाणेरी कापल्याचं बिल निघालं, घाणेरी तिथंच आहे: मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

माननीय मंत्रीसाहेब, नमस्कार.

गायरानातली घाणेरी, म्हणजे लँटानाची झुडपं, मुळासकट काढू असा शब्द तुम्ही आमच्या गावात येऊन दिला होता. मार्च एंडच्या तोंडावर ठेकेदाराची माणसं आली, वरवर छाटलं, फोटो काढले, बिल निघालं. एप्रिलमध्ये अवकाळी झाला आणि एकेका बुंध्याला चार-चार धुमारे फुटले. मग ऐन जुलैत पावसाने दडी मारली, गवत जागेवर करपलं, रानात हिरवं म्हणून घाणेरीच उरली आणि आमची गाभण डांगी गाय तीच खाऊन आली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, ऊन सोसेना, नाकपुड्यांची कातडी सोलून निघाली, आठवड्यात गेली. डॉक्टर म्हणाले लिव्हर गेलं होतं. भरपाईला गेलो तर म्हणे योजनेत बसत नाही. बिबट्याने मारली असती तर बसली असती ना साहेब?

तुमच्या टेंडरात घाणेरी म्हणजे एकच झाड. आमच्या उतारावर या आणि बघा, पिवळ्या-केशरी फुलांची वेगळी, गुलाबी-पांढरी वेगळी. युरोपातल्या नर्सऱ्यांनी शोभेसाठी अमेरिकेतल्या जातींचे संकर केले, 1809 च्या सुमारास ती कलकत्त्याच्या बागेत आली, तिथून देशभर पसरली आणि आपसात संकर करतच राहिली. म्हणूनच तिला आटोक्यात आणायला सोडलेले किडे एक वाण खातात, दुसऱ्याला तोंड लावत नाहीत. आणि इतक्या प्रकारांतलं जे पावसाच्या खंडात तगतं तेच फळतं, त्याच्याच बिया बुलबुल रानभर टाकतात. देशातल्या वाघांच्या जंगलात 40 टक्क्यांहून जास्त भागात ही पोचलीय, मग आमच्या गायरानाला कोण विचारतो!

बुंधा जमिनीखाली तोडून उलटा टाकायचा, पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक पावसानंतर रोपं उपटायची, मोकळ्या जागेत पवन्या, मारवेल असं चाऱ्याचं गवत पेरायचं. गावातली माणसं हे रोहयोवर करतील, ठेकेदार कशाला पाहिजे? पण पाऊस कधीही येवो, तुमचा पैसा 31 मार्चलाच संपवायचा असतो. 1955 साली पुण्यात नोंदवलेलं गाजर गवत आज प्रत्येक बांधावर आहे, तेव्हाही असेच कागद रंगवले असतील, आणि मतं मागायला येता तेव्हा याच रस्त्याने येता ना, दोन्ही बाजूंना काय वाढलंय ते काच खाली करून कधी बघितलंय का?

गाय तर गेली. निदान त्या बिलावर काम पूर्ण म्हणून सही कुणी केली, तेवढं तरी लेखी कळवा.

एक पशुपालक