बाळाची टीम कोण ठरवणार

बाळा,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, बाबा, बाळाला रोव्हर्सचा शर्ट घालू का एफसीचा, म्हणजे हलच्या दोन रग्बी टीमपैकी आपल्या टीमचा का तुझ्या सासरच्या, आणि मागून जावई काहीतरी ओरडत होते, आई हसत होती, त्या गोंधळात धड बोलणं झालं नाही म्हणून लिहायला बसलोय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दोन्ही शर्ट घे, दोन्ही घाल, फोटो काढ, व्याह्यांनी काळा-पांढरा सूट आणून ठेवलाय तोही घाल, त्यांना बरं वाटेल. शर्टानं काही ठरत नाही गं. पोराला हाताला धरून ग्राउंडवर कोण नेतं आणि शेजारी बसून कोण ओरडतं त्यावर सगळं ठरतं, आणि ते एकदा ठरलं की मग आईबाप, नवरा, नोकरी, दुसरं शहर, कुणाच्यानं ते बदलत नाही. हे मी तुझ्याकडे बघूनच शिकलोय.

आम्ही इंग्लंडात हलला आलो तेव्हा मला रग्बी लीग म्हणजे काय हे माहीत नव्हतं, रग्बी एकच असते असं वाटायचं, युनियन आणि लीग असे तिचे दोन वेगळे खेळ आहेत हे नंतर कळलं. आईला इन्फर्मरीत, म्हणजे इथल्या हॉस्पिटलात, नाइट्स, मी लॅबमध्ये, आणि घर मिळालं ते होल्डरनेस रोडच्या बाजूला, म्हणजे नदीच्या पूर्वेला. भाडं परवडत होतं म्हणून घेतलं, दुसरं काही बघितलंच नाही. पण या गावात हल नदीच्या कुठल्या अंगाला घर आहे यावर माणसाची टीम ठरते, पूर्वेला लाल-पांढरे रोव्हर्स, पश्चिमेला काळे-पांढरे एफसी, आणि लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात मला विचारलं गेलं की तू कुणाचा. मी म्हटलं अजून कुणाचाच नाही, तर म्हणाले राहतोस कुठं, मी सांगितलं, तर म्हणाले मग झालं की, तू रोव्हर्सचा.

मला यात नवल वाटलं नाही कारण मी शिवाजी पेठेतला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांची मॅच असली की पेठेतलं पोर कुणाच्या बाजूनं बसणार हे कुणी विचारत नाही, मला आमच्या तात्यांनी खांद्यावर बसवून नेलेलं आणि ऑफसाइड कळायच्या आधी मला शिट्टी मारायला येत होती. सगळा देश क्रिकेट बघत असताना आमच्याकडे फुटबॉलचा नाद, आणि इंग्लंडात सगळा देश फुटबॉल बघत असताना या उत्तरेकडच्या पट्ट्यात रग्बी लीगचा. म्हणून हलमध्ये मला सगळ्यात आधी जे ओळखीचं वाटलं ते हेच होतं.

पण तुला ते लागलं ते माझ्यामुळं नाही. ते शेजारच्या ग्रँडॅड आणि नॅनमुळं. आई नाइट करून झोपलेली असायची, रविवारी मलाही कधी कधी ड्यूटी, आणि ते दोघं कुंपणावरून विचारायचे, पोरीला नेऊ का. तेव्हा रोव्हर्स खालच्या डिव्हिजनमध्ये होते, सगळ्यात वरच्या सुपर लीगमध्ये नव्हतेच, गर्दी बेताची, समोरच्या टीमची नावं बाहेरच्या माणसानं ऐकलेलीही नसतील अशी. टीव्हीवर काही नाही, पेपरात चार ओळी. आणि तू त्या टीमच्या प्रेमात पडलीस. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जिंकणारी टीम बघून जो फॅन होतो तो दुसरी जिंकायला लागली की तिकडे जातो, पण तू जे बघितलंस ते म्हणजे हंबरवरनं येणारा गार वारा, ओली पायरी, हातात पॅटी (बटाट्याची तळलेली वडी) आणि चिप्स, वर लालभडक चिप स्पाइस मसाला, आणि नॅन उभी राहून रेफरीला ‘गेरेम ऑनसाइड’, म्हणजे त्यांना मागे घे, म्हणून ओरडतेय. घरी आलीस की तेच तू जिन्यावर उभी राहून ओरडायचीस, आईला वाटायचं पोरगी कुणाशी भांडतेय.

नॅनबद्दल मुद्दाम लिहितो कारण लोक म्हणतात हे बापाकडून मुलाकडे जातं. आपल्या बाबतीत तरी खरी कट्टर ती होती. ग्रँडॅड गोष्टी सांगायचे, रोव्हर्सच्या जुन्या ग्राउंडच्या, क्रेव्हन पार्कच्या, जिथे आता सुपरमार्केट आहे आणि जिथनं क्लब १९८९ मध्ये प्रेस्टन रोडला गेला, पण सहाव्या टॅकलला, म्हणजे बॉल समोरच्यांकडे जायच्या आधी, किक कुठं पडायला हवी, कडेला खेळणारा विंगर जागेवर का नाही, प्ले-द-बॉल (टॅकलनंतर उठून पायानं बॉल मागे देणं) हळू का होतोय हे सगळं तुला नॅननं शिकवलं. तिला तिच्या आईनं नेलेलं, त्या आईला तिच्या गोदीवर काम करणाऱ्या भावांनी. पूर्वेला गोदी, पश्चिमेला हेसल रोडचे मच्छीमार, तुझ्या सासरचे आजोबा ट्रॉलरवर होते ते त्याच लोकांतले. म्हणजे तुमच्या दोन घरांचं भांडण तसं बघितलं तर एकाच पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसांचं आहे.

आणि हा खेळ घराघरांतून का उतरतो याचं कारण त्याच्या जन्मातच आहे, हे मला ग्रँडॅडनी चहा पिता पिता सांगितलं आणि मग मी वाचून काढलं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि रग्बी युनियनमधनं बाहेर पडले, एफसी त्यात पहिल्यापासून होता, रोव्हर्स थोड्या वर्षांनी आले. भांडण कशावरनं तर खाडा भरून देण्यावरनं. गिरणीतला, खाणीतला, गोदीतला माणूस शनिवारी अर्धा दिवस खेळायला गेला तर त्याचा पगार कापला जायचा, तो क्लबनं द्यावा एवढंच मागणं होतं, आणि वरचे लोक म्हणाले पैसे घेऊन खेळणं हे सभ्य माणसाचं काम नाही. पुढे १९०६ ला पंधराचे तेरा खेळाडू केले, नियम बदलले, खेळच वेगळा झाला. पण मूळ तेच राहिलं, खेळणारा माणूस तुमच्या गल्लीतला, तुमच्याबरोबर कामावर जाणारा. अशा खेळात मॅच बघायला जाणं म्हणजे भाच्याला, पुतण्याला, शेजाऱ्याला बघायला जाणं, मग पोरंबाळं घेऊन सगळं घर जाणारच ना. आजसुद्धा रोव्हर्सचा मायकी लुईस हलचाच पोरगा आहे, त्याला शाळेपासून ओळखणारे लोक स्टँडमध्ये बसलेले असतात.

१९८० ची फायनल तर तू ग्रँडॅडकडून इतक्यांदा ऐकली आहेस की तुला वाटतं तू तिथं होतीस! लंडनच्या वेम्बलीवर चॅलेंज कपला, म्हणजे लीगच्या सगळ्यात जुन्या मानाच्या कपला, दोन्ही टीम हलच्या, ९५ हजार लोक, गावाबाहेर पाटी लावलेली म्हणे की शेवटी जाणाऱ्यानं लाइट बंद करा. रोव्हर्सच्या रॉजर मिलवर्डचा जबडा सुरुवातीलाच मोडला आणि तो तसाच पूर्ण मॅच खेळला, रोव्हर्स १०-५ नं जिंकले. तुझ्या सासरी ही मॅच कुणी काढत नाही ते बरोबरच आहे, पण त्यातल्या एका माणसाबद्दल दोन्ही घरं सारखंच बोलतात, तो क्लाइव्ह सलिव्हन. कार्डिफचा काळा पोरगा, लहानपणी पायांची इतकी ऑपरेशन्स झालेली की धड चालेल का असं डॉक्टरांना वाटायचं, तो १९६१ ला एफसीकडे आला, वर्षानुवर्षं ट्राय मारत राहिला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवत राहिला, मग १९७४ ला नदी ओलांडून रोव्हर्सकडे गेला आणि १९८० च्या त्या फायनलमध्ये रोव्हर्सच्या विंगवर होता. १९७२ ला ब्रिटनचा कॅप्टन म्हणून त्यानं वर्ल्ड कप जिंकला, ब्रिटनच्या कुठल्याही खेळाच्या राष्ट्रीय टीमचा तो पहिला काळा कॅप्टन. १९८५ ला कॅन्सरनं गेला, फक्त ४२ वर्षांचा होता, आणि आपण गावात येतो तो मोठा रस्ता त्याच्याच नावाचा. मी कामावर जाताना रोज ती पाटी वाचायचो. परक्या गावात सावळ्या रंगाची पोरगी वाढवताना बापाच्या मनात काय काय येतं ते तुला आता स्वतःचं पोर झाल्यावर कळेल. ज्या गावानं आपल्या वेशीवरच्या रस्त्याला त्या माणसाचं नाव दिलं तिथं माझी पोरगी लाल-पांढरा स्कार्फ घालून उभी राहिली तर तिला कुणी तू कुठली म्हणून विचारणार नाही असं मला वाटायचं. कधी कधी विचारलंही असेल, तू सगळंच घरी सांगत नव्हतीस, पण ग्राउंडवर तू त्यांची होतीस हे मी डोळ्यांनी बघितलंय. आम्ही तुला मराठी दिलं, गणपती दिला, कोल्हापूर दिलं, पण हल आम्ही देऊ शकत नव्हतो कारण ते आमच्याकडेच नव्हतं. ते तुला त्या दोघांनी दिलं, आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मी जन्मभर मानेन.

हरण्याबद्दलही लिहायला पाहिजे, कारण खरी गाठ तिथं बसते असं माझं मत आहे. २०१६ आठव. ऑगस्टच्या शेवटी एफसी वेम्बलीवर वॉरिंग्टनला १२-१० नं हरवून कप घेऊन आले, वेम्बलीवर त्याआधी ते कधीच जिंकले नव्हते, तुझ्या सासरच्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. आणि १ ऑक्टोबरला आपण नव्या क्रेव्हन पार्कवर सॅल्फर्डविरुद्ध, हरेल ती टीम खालच्या डिव्हिजनमध्ये, दोन मिनिटं राहिली असताना आठ पॉइंटनं पुढे, आणि तिथनं बरोबरी झाली आणि गोल्डन पॉइंटला, म्हणजे जादा वेळेत पहिला पॉइंट घेईल तो जिंकला, त्यांच्या एका ड्रॉप गोलवर (बॉल टप्पा पडताच मारलेल्या किकवर) १९-१८, आपण खालच्या डिव्हिजनमध्ये. तेव्हा तुम्हा दोघांची ओळखही नव्हती. तू घरी आलीस आणि जेवली नाहीस, आणि आईनं विचारलं की एवढं वाईट वाटतं तर सोड ना, दुसरी टीम बघ, तर तू आईकडे असं बघितलंस की आई परत कधी ते बोलली नाही. पुढच्या सीझनला खालच्या डिव्हिजनचं तिकीट तू स्वतःच्या पैशानं काढलंस. मग २०२३ ला चॅलेंज कपची फायनल लीविरुद्ध वेम्बलीवर पुन्हा गोल्डन पॉइंटला १७-१६ नं हरलो, २०२४ ची ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीगची फायनल, विगनविरुद्ध ९-२ नं. ग्रँडॅड १९८५ नंतर एकही मोठी ट्रॉफी न बघता गेले, तरी शेवटपर्यंत दर सीझनला म्हणायचे यंदा आपलीच.

आणि मग ७ जून २०२५. वेम्बलीवर चॅलेंज कपची फायनल, वॉरिंग्टनविरुद्ध ६-२ नं मागे, दोन मिनिटं राहिलेली, टॉम डेव्हिसनं ट्राय मारली आणि मायकी लुईसनं कडेवरनं ती किक घातली, ८-६. चाळीस वर्षांनी! मी आणि आई टीव्हीसमोर उभे होतो, आईच्या हातात लाटणं तसंच. तुझा फोन येईल म्हणून वाट बघत होतो तर फोन लागेना, नंतर कळलं की तू स्टेडियममधनं पहिला फोन नॅनला लावला होतास आणि दोघींना एक शब्द बोलता येत नव्हता. आईला क्षणभर लागलं, मला विचारशील तर मला फार बरं वाटलं. ऑक्टोबरला ग्रँड फायनलमध्ये विगनला २४-६ नं हरवून सीझनच्या तिन्ही ट्रॉफ्या (चॅलेंज कप, लीगमधल्या पहिल्या नंबरची शील्ड आणि ही) आल्या तेव्हा आम्ही नॅनच्याच घरी होतो, ते तुला माहीतच आहे.

म्हणून सांगतो, बाळाच्या बाबतीत भांडू नका आणि फार ठरवूही नका. जावई नेतील तर त्यांना नेऊ दे, खऱ्या मनानं नेत असतील तर पोर एफसीचं होईल आणि ते मला चालेल, लिहितानाच जरा जड जातंय पण चालेल. तू नेलंस तर रोव्हर्सचं. मात्र कुणीतरी न्या. टीव्हीवर बघून, फोनवर हायलाइट्स दाखवून हे होत नाही, तिथं तो वास नसतो, ती ओळखीची माणसं नसतात, मॅच रटाळ असताना शेजारच्या म्हाताऱ्या माणसानं दिलेली गोळी नसते. माझ्या लॅबमधल्या एकानं पोराला दर वर्षी नवा शर्ट घेतला पण स्वतः कधी नेलं नाही, ते पोर आता तो खेळ बघतही नाही. आणि पोराला कंटाळा आला, ते हाफ टाइमला झोपलं, चिप्स संपल्यावर घरी चला म्हणालं तर रागावू नका, तूही तशीच होतीस, पहिले कितीतरी महिने तू मॅच बघतच नव्हतीस, नॅनच्या पिशवीत काय आहे ते बघायचीस.

अजून एक, नॅन आता गुडघ्यामुळं पायऱ्या चढत नाही, तर तिच्यासाठी खालची सीट बघ आणि बाळाला तिच्या मांडीवर एक तरी मॅच बघू दे, हे लवकर कर. बाळाच्या कानाला लावायचे ते आवाज अडवणारे मफ घे, फटाके आणि आरडाओरडा फार असतो. गुड फ्रायडेच्या डर्बीला, रोव्हर्स-एफसी मॅचला, आम्ही दोघं येतोय. व्याह्यांना आणि विहीणबाईंना सांग की त्या दिवशी जेवण आमच्याकडे, आईनं तांबडा-पांढरा करायचं ठरवलंय. पांढऱ्या रश्श्याला त्यांची हरकत नसेल, तांबड्याचं मी त्यांच्याशी बोलतो.

तुझा,
बाबा