मागे पडणाऱ्या सर्व्हरच्या घड्याळाबद्दल मनापासून आभार

स. न. वि. वि.

सर्व्हरचं घड्याळ मागे पडतंय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: मदरबोर्डवरची बॅटरी बदला. तुम्ही तो दिला नाहीत. वेळ मशीन चालू असताना मागे पडते की बंद करून सुरू केल्यावर चुकलेली दिसते, एवढंच विचारलंत. त्या प्रश्नानेच अर्धी शोधाशोध वाचली. आभार खासगीत मानता आले असते, पण तुमची पद्धत हाच त्रास असलेल्या इतरांनाही कळावी म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

मशीनमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, 32,768 हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारं. वीज नसताना त्याला 3 व्होल्टची सीआर2032 बॅटरी चालू ठेवते. दुसरं कर्नलचं, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. सुरू होताना पहिल्याकडून वेळ घ्यायची आणि पुढे आपली आपण मोजायची, अशी त्याची रीत. म्हणून बॅटरी संपली तर वीज गेल्यावर तारीख कुठच्या कुठे जाते, पण चालत्या सर्व्हरची वेळ हळूहळू मागे सरकायला ती कारण ठरत नाही.

यानंतर तुम्ही काहीही बदलू दिलं नाहीत, आधी मोजायला लावलंत. दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) वेळ जबरदस्तीने बसवणारी ओळ काढायला सांगितलीत, कारण त्या ओळीमुळे मूळ दोष झाकला जातो आणि वर लॉगमध्ये उड्या दिसतात. मग क्रोनी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम, थांबवून फक्त फरक दाखवणाऱ्या पण घड्याळाला हात न लावणाऱ्या पर्यायाने तासाभराच्या अंतराने दोन नोंदी. सोबत एचडब्ल्यूक्लॉक या कमांडने मदरबोर्डच्या घड्याळाचीही नोंद. त्याआधी क्रोनीच्या सेटिंगमधली आरटीसीसिंक ही ओळ बंद ठेवायची, ही तुमची सूचना फार मोलाची. ती चालू असली की कर्नल दर 11 मिनिटांनी स्वतःचीच चुकीची वेळ मदरबोर्डच्या घड्याळात लिहितो आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

आकडे बोलके निघाले. मदरबोर्डचं घड्याळ ठीक, कर्नलचं मात्र तासाला 3 सेकंद मागे, म्हणजे दहा लाखांत 833 भाग. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत काही दहा भागांपर्यंत असते. 50 भाग धरले तरी दिवसाला 4.32 सेकंदच होतात. एनटीपीडी (क्रोनीसारखाच वेळ जुळवणारा जुना प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. त्याची हळूहळू सुधारण्याची कमाल मर्यादा 500 भाग, म्हणजे दिवसाला 43.2 सेकंद. चूक त्याहून मोठी असली की तो पुरा पडत नाही, फरक 128 मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि अखेर घड्याळाला धक्का देऊन वेळ बसवली जाते. पुन्हा मागे, पुन्हा धक्का. लॉगमधल्या त्या ओळी पाहून लोक नेटवर्कला दोष देत बसतात.

खरा धागा तुमच्या पुढच्या सूचनेत होता: हेच मोजमाप एकदा सर्व्हर निवांत असताना आणि एकदा बॅकअप चालू असताना करा. निवांत वेळी फरक जवळजवळ नाही. डिस्कवर भार आला की घड्याळ मागे पडायला लागतं, आणि पुढे कधीच जात नाही. क्रिस्टल बिघडला असता तर तो भार पाहून चुकला नसता. मागेच पडणं आणि भाराबरोबर वाढणं, ही कर्नल वेळ मोजताना मोजतो ते ठोके हरवल्याची खूण.

कर्नल कोणत्या स्रोतावरून वेळ मोजतोय हे सांगणारी, सिस फाइलसिस्टिममधली करंट क्लॉकसोर्स ही फाइल उघडली तर तिथे जिफीज. कर्नलच्या लॉगमध्ये टीएससी (प्रोसेसरमधला मोजक) अस्थिर ठरवून बाजूला काढल्याची नोंद होती, एचपीईटी (मदरबोर्डवरचा स्वतंत्र टायमर) बूटच्या ओळीतल्या एका जुन्या पॅरामीटरने बंद होता आणि एसीपीआय पीएम हा आणखी एक टायमर उपलब्ध स्रोतांच्या यादीतच नव्हता. जिफीज म्हणजे टायमरचे इंटरप्ट, अर्थात ठरावीक अंतराने प्रोसेसरला येणारे इशारे, मोजणं. 250 हर्ट्झच्या कर्नलमध्ये एक ठोका 4 मिलिसेकंदांचा. एखाद्या ड्रायव्हरने त्याहून जास्त वेळ इंटरप्ट अडवून धरले की दोन ठोक्यांचा एकच होतो आणि ते 4 मिलिसेकंद कायमचे जातात. तासाला 9 लाख ठोके पडतात; त्यांतले फक्त 750 हुकले की 3 सेकंद गेले! हा हिशेब तुम्ही मांडलात तेव्हा सगळं जागेवर बसलं.

उपाय छोटा होता. एचपीईटी बंद करणारा पॅरामीटर बूटलोडरच्या (मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमधून काढायचा, सेटिंग नव्याने तयार करायचं, रीस्टार्ट करायचं आणि करंट क्लॉकसोर्स पुन्हा पाहायचं. एचपीईटी स्वतंत्रपणे मोजत राहतो, त्यामुळे कर्नलला तो वाचायला उशीर झाला तरी काही हरवत नाही. तो टीएससीपेक्षा वाचायला बराच संथ असतो, आणि सतत वेळ विचारणाऱ्या डेटाबेसला हे जाणवतं, हेही तुम्ही लपवलं नाहीत. म्हणून मदरबोर्डचं फर्मवेअर (त्यातच बसवलेलं सॉफ्टवेअर) अपडेट करून टीएससी स्थिर होतो का पाहावं. पण टीएससी विश्वासार्ह आहे असं कर्नलवर पॅरामीटर देऊन लादू नये, कारण मग त्याची पडताळणीच थांबते. हे बजावून सांगितल्याबद्दल वेगळे आभार.

साचलेला फरक कसा काढायचा हेही तुमच्यामुळेच नीट ठरवता आलं. दहा लाखांत 500 भागांच्या गतीने एक मिनिट भरून काढायला 33 तास 20 मिनिटं लागतात. तेव्हा डेटाबेस थांबवून क्रोनीच्या मेकस्टेप कमांडने वेळ एकदाच बसवायची, मग डेटाबेस सुरू करायचा. सेटिंगमध्ये मेकस्टेप 1 3, म्हणजे पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच उडी, तीही फरक एका सेकंदाहून जास्त असेल तरच. वेळेचे स्रोत चार: दोनच असले आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत तर खरा कोणता हे ठरवताच येत नाही. क्रोनीच्या स्रोतांच्या यादीत रीच या रकान्यात 377 दिसलं की शेवटच्या आठही विचारणांना उत्तरं आली. शून्यावर अडकलं तर आधी फायरवॉलवर यूडीपी 123, म्हणजे वेळ विचारण्याचा पोर्ट, उघडा आहे का पाहावं. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर होस्टची (तो ज्या मशीनवर चालतो तिची) वेळ-जुळणी आणि क्रोनी यांपैकी एकालाच घड्याळाला हात लावू द्यावा.

आरटीसीसिंक आता पुन्हा चालू केलं आहे, आणि बॅकअप चालू असतानाही घड्याळ मागे पडत नाही. तुमचे शतशः आभार.

आपले कृतज्ञ,
सर्व्हर सांभाळणारी मंडळी